शाळकरी मुलांचे दात कोणी सांभाळायचे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. जन्मजात व्यंगे, पोषणातील उणिवा, बालवयातील रोग आणि वाढीतील विलंब अशा चार गटांतील विकार वेळीच हुडकून काढावेत व त्यांवर विनामूल्य उपचार व्हावेत, हा या कार्यक्रमाचा हेतू. त्यासाठी डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा जावे, अशी योजना आहे. या विकारांच्या यादीत दातांच्या विकारांनाही स्थान देण्यात आले, आणि ते योग्यच झाले. परंतु यादीत नाव असणे निराळे आणि उपचार होणे निराळे. मूल रांगेत उभे राहते, तोंड उघडते. डॉक्टरांना दाढेवरचा खड्डा दिसतो. कार्डावर खूण होते आणि वरच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली जाते. कार्यक्रमाच्या दृष्टीने येथे एक विकार सापडला. मुलाच्या दृष्टीने मात्र काहीच घडलेले नाही.

ती चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे पालकांची एक दिवसाची मजुरी बुडते, दोघांचे बसभाडे पडते, आणि तेथील खुर्ची रिकामी नसली किंवा यंत्र बंद असले तर पुन्हा एक खेप होते. हृदयाला छिद्र असल्याचे सांगितले तर आईबाप घरदार गहाण टाकून मुंबई गाठतील. परंतु दुधाची दाढ किडली म्हणून दिवसाचा रोजगार बुडवावा, असा हिशेब कोणत्याच शेतमजुराच्या घरात बसत नाही, आणि त्याबद्दल त्याला अडाणी ठरविण्याचा अधिकार कोणाला नाही. चिठ्ठीवर भिस्त ठेवणारी योजना या हिशेबापुढे हरणार, हे उघड आहे.

खरे पाहता दंतक्षय हा असा रोग आहे की, ज्या बाकावर तो सापडतो त्याच बाकावर, विजेवाचून, भुलीच्या सुईवाचून आणि दात कोरण्याच्या यंत्रावाचून त्याला पुष्कळसा आवर घालता येतो. हे ज्ञान नवे नाही. नवी आहे ती त्यामागे जमा झालेली पुराव्याची रास; आणि जुनी आहे ती त्या ज्ञानाचा उपयोग करून घेण्याबाबतची आपल्या व्यवस्थेची उदासीनता.

रोगाचा पसारा किती, याची कल्पना भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीवरून येते. पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, बारा वर्षांच्यांपैकी सुमारे ५४ टक्के आणि पंधरा वर्षांच्यांपैकी ६३ टक्के मुलांना दंतक्षय असल्याचे तीत आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात दुधाच्या दातांतील उपचार न झालेल्या किडीने ग्रासलेल्या मुलांची संख्या ५० कोटींहून अधिक आहे. प्रश्न केवळ खड्ड्यांचा नाही. दुखऱ्या दाढेचे मूल एका बाजूने चावते, कमी खाते, रात्री जागे राहते आणि सकाळी वर्गात पेंगते. मुख्याध्यापकांच्या हजेरीपटावर हे ‘आजारी’ म्हणून नोंदले जाते किंवा नोंदलेच जात नाही.

‘दुधाचे दात, ते पडायचेच आहेत’ ही समजूत सुशिक्षितांच्या घरातही पक्की आहे. ती अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात हे खरे. पण दुधाच्या मागल्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. प्राथमिक शाळेचा जवळजवळ सारा काळ मुलाला त्यांनीच चावायचे असते. शिवाय सहाव्या वर्षी त्यांच्या मागे जी पहिली कायमची दाढ उगवते, तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. ती मुकाट्याने येते आणि पालक तिला दुधाचीच समजतात. तिच्या माथ्यावरच्या खोल चिरांत अन्न साचते, आणि आयुष्यभर पुरायची ती दाढ कित्येकदा दहाव्या वर्षाच्या आत किडलेली असते.

कोरण्याचे शास्त्र

दात किडतो म्हणजे त्यात किडा शिरतो, असे नव्हे. तोंडातील जंतू साखर खातात व आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या कवचातील खनिजे विरघळतात. लाळ ती काही प्रमाणात परत भरून काढते आणि फ्लोराइड या भरपाईला मदत करते. ही देवघेव चालू असते. खर्च जमेपेक्षा सतत अधिक राहिला की खड्डा पडतो. म्हणजे कीड ही एक प्रक्रिया आहे. ती मंदावता येते आणि थांबविताही येते.

दंतवैद्यकाने मात्र दीर्घकाळ तिच्याकडे कुजलेल्या लाकडाकडे पाहावे तसे पाहिले. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांचा दंतशस्त्रक्रियेवरील ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. कीड जेथवर आहे तेथवरच न थांबता, पुढे किडण्याची शक्यता असलेला निरोगी भागही कोरून काढावा, ही त्यांची शिकवण दोन-तीन पिढ्यांनी प्रमाण मानली. त्या काळच्या भरण-साहित्याच्या मर्यादा लक्षात घेता तिच्यात तर्क होता. परंतु भरलेला दात हे अर्थशास्त्राच्या भाषेत घसारा लागणारे भांडवल आहे. काही वर्षांनी भरण निघते, नव्या भरणासाठी खड्डा आणखी मोठा करावा लागतो, मग मूळ उपचार, मग टोपी, आणि अखेरीस दात काढणे. आठव्या वर्षी यंत्र लावलेल्या दाढेचा हा प्रवास पन्नाशीपर्यंत चालतो व प्रत्येक टप्प्याला आधीपेक्षा अधिक पैसे पडतात.

या विचाराला पहिला मोठा धक्का बसला तो युरोपातील एखाद्या सुसज्ज रुग्णालयात नव्हे, तर टांझानियात. १९८०च्या दशकाच्या मध्यास तेथे काम करणारे डच दंतवैद्य यो फ्रेंकेन यांच्यापुढे साधा पेच होता. यंत्राला वीज हवी, दुरुस्ती हवी आणि सुटे भाग हवेत. ते नसतील तेथे दात काढणे एवढाच उपचार उरतो. तेव्हा त्यांनी चमच्यासारख्या लहान अवजाराने दाढेतला मऊ, सडका भाग हाताने खरवडून काढला आणि खड्डा ग्लास आयोनोमर सिमेंटने बुजविला. हे सिमेंट लंडनमध्ये विल्सन व केंट यांनी शोधून काढले होते व त्याची माहिती १९७२च्या सुमारास प्रसिद्ध झाली होती. ते ओलसर दातालाही धरून राहते व थोडे थोडे फ्लोराइड सोडत राहते. आत काही जंतू उरले तरी वरून तोंड बंद झाल्याने त्यांचा साखरेचा पुरवठा तुटतो. थायलंड व झिंबाब्वे येथेही या पद्धतीचा अभ्यास झाला, आणि १९९४च्या जागतिक आरोग्यदिनी, ज्याचा विषयच त्या वर्षी मुखारोग्य होता, जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला.

दुसरे साधन याहूनही साधे आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचा द्राव किडलेल्या जागी लहानशा ब्रशने लावायचा. त्यातील चांदी जंतूंना मारते आणि फ्लोराइड दाताला घट्ट करते. दात कोरडा करून द्राव लावायला मिनिट-दोन मिनिटे पुरतात. एका थेंबात चार-पाच दातांचे काम होते. जपानमध्ये त्याचा वापर १९७०च्या सुमारास सुरू झाला. पाश्चात्त्य जगाने त्याकडे फार उशिरा लक्ष दिले. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती २०१४ मध्ये, आणि तीही दातांच्या शिवशिवीवरचा उपाय म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हा द्राव व ग्लास आयोनोमर सिमेंट या दोहोंचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

न्यूयॉर्कच्या शाळांत

या दोन साधनांची शाळेतच, समोरासमोर परीक्षा झाली ती न्यूयॉर्क शहरात. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रामुख्याने गरीब वस्त्यांतील प्राथमिक शाळांतून हजारो मुलांवर उपचार केले. काही शाळांत दाढांच्या चिरा सिमेंटने बंद केल्या व खड्डे हातअवजाराने भरले. काही शाळांत नुसता चांदीचा द्राव व फ्लोराइडचा लेप लावला. दर सहा महिन्यांनी पुन्हा जाण्याचा बेत होता, परंतु २०२० मध्ये महासाथीने शाळा बंद पडल्या. त्यामुळे एकदाच केलेल्या उपचाराचा दोन वर्षांनी काय परिणाम दिसतो, याची अनायासे कसोटी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील निरोगी दातांच्या सुमारे ८० टक्के मुलांना नवी कीड लागलेली नव्हती, आणि आधीच कीड असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची कीड पुढे सरकलेली नव्हती. द्राव सिमेंटपेक्षा उणा ठरला नाही. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, तो परिचारिकांनी लावला काय किंवा दंत-आरोग्य सहायकांनी लावला काय, फळ सारखेच आले.

या आकड्यांवर भाळून जाण्याचे मात्र कारण नाही. तुलना दोन उपचारांची होती. उपचारच न केलेल्या मुलांचा तिसरा गट तेथे नव्हता, आणि नैतिकदृष्ट्या तो असूही नये. तेव्हा ते ८० टक्के पूर्णपणे औषधाच्या जमेस मांडता येत नाहीत. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील सुमारे ११०० लहान मुलांच्या दुसऱ्या एका पाहणीत तीन मार्गांची तुलना झाली : भूल देऊन कोरणे-भरणे, कीड न कोरता आतच बंद करणे, आणि केवळ ब्रश, फ्लोराइड व आहाराचा सल्ला. २०२० मध्ये आलेला तिचा निष्कर्ष दोन्ही बाजूंना विचार करावयास लावणारा आहे. तिन्ही गटांत कमीअधिक चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांना पुढे कधी ना कधी दातदुखी किंवा पू होण्याचा त्रास झालाच. म्हणजे यंत्राने कोरल्याने मुलाचे अधिक भले झाले नाही हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, दुधाच्या दाताला खोल कीड लागल्यावर कोणतीच पद्धत जादू करीत नाही. उपचाराचे वय जितके लहान व खड्डा जितका उथळ, तितका लाभ अधिक. हातअवजाराने भरलेल्या दुधाच्या दातांपैकी एकाच पृष्ठावरचे भरण दोन वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक टिकलेले आढळते. दोन दातांच्या फटीत पसरलेल्या खड्ड्यांत हे प्रमाण साठ-पासष्टांवर येते. त्यामुळे मूल दुखते म्हणून येईपर्यंत थांबणे ही या पद्धतीच्या दृष्टीने सर्वांत वाईट वेळ होय. आणि तपासणीची चिठ्ठी मुलाला नेमकी तेथवर थांबवून ठेवते.

स्थिर खर्चाचा प्रश्न

देशात तीनशेहून अधिक दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. शहरांतल्या एकेका रस्त्यावर दंतवैद्यांच्या चार-चार पाट्या दिसतात व नव्याने पदवी घेतलेल्यांना जम बसवायला वर्षे लागतात. त्याच वेळी ग्रामीण मूल दंतवैद्याचे तोंड न पाहता मोठे होते. टंचाई आणि सुकाळ एकत्र नांदण्याचा हा चमत्कार वाटतो. पण तो चमत्कार नाही. बाजार मागणीला ओ देतो, गरजेला नव्हे. आणि दवाखान्याची खुर्ची, हवेचे यंत्र, क्ष-किरण, जागा व वीज यांचा स्थिर खर्च इतका मोठा असतो की, तो पुष्कळ रुग्णांवर वाटला गेल्याखेरीज धंदा उभा राहत नाही. विरळ वस्तीच्या तालुक्यात तो वाटायला गिऱ्हाईक नसते. तेव्हा दंतवैद्य शहरात राहतो यात त्याचा दोष नाही. खुर्चीच त्याला तेथे बांधून ठेवते.

यंत्राविना उपचाराचे खरे मोल येथे आहे. त्याने वेदना कमी होतात हे तर आहेच. पण त्याने स्थिर खर्च जवळजवळ शून्यावर येतो. द्रावाची बाटली, ब्रश, कापूस, हातमोजे, विजेरी, हातअवजारे व ती निर्जंतुक करण्याची सोय एवढे सामान एका पेटीत मावते. मुलाला शाळेच्या बाकावर आडवे करता येते. पालकांचा रोजगार बुडत नाही, कारण मूल शाळेत असतेच. सेवेने मुलाकडे जायचे की मुलाने सेवेकडे यायचे, याचे उत्तर या पेटीने बदलते.

मग हे आपोआप का पसरत नाही? कारण त्यात कोणाचा फारसा फायदा नाही. खाजगी व्यवसायात कामागणिक फी असते. दाढ कोरून भरण्याचे, मूळ उपचाराचे, टोपीचे पैसे मिळतात; कीड थांबली म्हणून कोणी पैसे देत नाही. अल्प किमतीच्या बाटलीची जाहिरात करायला कोणी पुढे येत नाही. ज्या उपचाराचा लाभ पुढील तीस वर्षांत विखुरलेला आणि खर्च आज एकवटलेला, तो शासनानेच करावयाचा असतो; लसीकरणाबाबत ही गोष्ट सर्वांनी केव्हाच मान्य केली आहे.

‘मग गरिबांना दुय्यम उपचार आणि पैसेवाल्यांना खरा, असेच ना?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे व त्याला उत्तर देणे भाग आहे. कोरणे-भरणे हा खरा उपचार आणि हा स्वस्तातला पर्याय, असे मानण्याला उपलब्ध पुराव्यात आधार नाही. स्कॉटलंडमध्ये नॉर्ना हॉल या दंतवैद्येने किडलेल्या दुधाच्या दाढेवर भूल न देता, कीड न कोरता धातूची तयार टोपी दाबून बसविण्याची रीत वर्षानुवर्षे वापरली. पुढे तिच्यावर संशोधन झाले व ती अनेक देशांत शिकविली जाऊ लागली. पैशांची कमतरता नसलेल्या इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचे सर्वांत मोठे कारण किडलेले दात काढणे हे राहिले आहे. बडे रुग्णालय म्हणजे चांगला उपचार, हे समीकरण तेथेही बरोबर ठरलेले नाही.

द्रावाचे एक उणेपण मात्र लपविण्यासारखे नाही. तो लावलेली कीड थांबते तेव्हा काळीभोर होते आणि काळीच राहते. मागल्या दाढेला ते दिसत नाही. पुढल्या दातांना दिसते, आणि मुलीच्या आईला ते सलणारच. तो सल क्षुल्लक म्हणून उडवून लावणाऱ्या डॉक्टरांनी शाळेत न जाणेच बरे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड आधीच जास्त आहे व तेथील लोकांना त्या शब्दाचीच धास्ती आहे. रोज पोटात जाणारे पाणी व वर्षातून एकदा-दोनदा दाताला लावलेला थेंब यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागेल. ज्या दाढेत पू झाला आहे किंवा जी रात्री ठणकते, तिला यांपैकी काहीच पुरत नाही. तिच्यासाठी दंतवैद्यच हवा. चिठ्ठ्या मग तेवढ्यांनाच द्याव्यात. मोजक्या चिठ्ठ्यांचा पाठपुरावा होऊ शकतो. शेकड्यांचा होत नाही. आणि शाळेच्या फाटकाबाहेर दिवसभर गोळ्या-बिस्किटे मिळत असतील, तर बाटलीतले औषध त्यांच्याशी फार काळ झुंजू शकणार नाही. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हे दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते.

कोणी करायचे?

न्यूझीलंडने या प्रश्नाचे उत्तर १९२१ मध्येच दिले होते. लष्करी दंतपथकाचे माजी प्रमुख टॉमस हंटर यांच्या पुढाकाराने तेथे तरुण स्त्रियांना दोन वर्षांचे शिक्षण देऊन शालेय दंतपरिचारिका म्हणून नेमण्यात आले, आणि शाळेच्या आवारातच दवाखाने उभे राहिले. व्यवस्था नामी होती. पद्धत मात्र कोरण्याचीच होती, आणि मुलांनी त्या दवाखान्यांना ‘खुनाचे घर’ अशा अर्थाचे नाव ठेवले होते. न्यूझीलंडला ‘कोणी’ हे उमगले, टांझानियाला ‘कसे’ हे उमगले. न्यूयॉर्कमधील परिचारिकांच्या हातून ही दोन्ही उत्तरे एकत्र आली.

महाराष्ट्रात ती एकत्र आणण्यासाठी नवे खाते नको, नव्या इमारती नकोत. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात परिचारिका आहेच. तिला काही आठवड्यांचे शिक्षण, एक पेटी व देखरेखीसाठी जवळच्या दंतवैद्यक महाविद्यालयाचा आधार द्यावा. हातअवजाराने भरण्याचे काम आंतरवासी दंतवैद्यांकडे, द्राव लावण्याचे तिच्याकडे. प्रारंभ आदिवासी आश्रमशाळांतून व्हावा. तेथे मुले निवासी असतात, त्यामुळे सहा महिन्यांनी तेच मूल पुन्हा तपासता येते व द्राव पुन्हा लावता येतो; दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून घेण्याची शिस्तही तेथे बसविता येते. जव्हार व डहाणू या आदिवासी विकास प्रकल्पांतील काही शाळांत दोन वर्षे हे करून पाहिल्यास हिशेब हाती येईल. तो हिशेब किती मुले तपासली व किती चिठ्ठ्या दिल्या याचा नसावा. वर्षाअखेर किती मुलांची दाढ दुखत नाही, याचा असावा.

पालकांच्या संमतिपत्रावर काळ्या पडलेल्या दाढेचे छायाचित्र छापलेले असावे, आणि पुढल्या दातांसाठी नकार देण्याची मुभा स्वतंत्र रकान्यात असावी.

राहता राहिला कायदा. १९४८च्या दंतवैद्य कायद्याने दंत-आरोग्य सहायकाची व्याख्या दात साफ करणारा, घासून चकचकीत करणारा किंवा दातांच्या स्वच्छतेचे शिक्षण देणारा एवढीच केली होती; औषध लावण्याचा उल्लेख तीत नव्हता. परिचारिकेचा तर त्या कायद्यात विचारच नव्हता. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. दंतवैद्याच्या देखरेखीखाली प्रशिक्षित परिचारिकेने शाळेत चांदीचा द्राव लावणे हा बेकायदा व्यवसाय समजला जाणार नाही, एवढे एक वाक्य नव्या कायद्याखालील नियमांत स्पष्टपणे असावे लागेल. आणि त्याचा आग्रह राज्याच्या आरोग्य खात्याने आयोगाकडे धरायला हवा.